कलमं माझी, किस्से गोरडचे

कोर्टात किस्से साठतात ते तारखांमुळे. अकराला जाऊन पुकाऱ्याची वाट बघत बसायचं आणि दोनला कळायचं की आज साहेब दुसऱ्याच कामात अडकलेत, पुढची तारीख घ्या. मधल्या तीन तासांत वकिलांनी करायचं काय? चहा प्यायचा आणि बोलायचं. एकाच्या केसची गोष्ट दुसरा सांगतो, तिसरा तीत पदरचं काही घालतो, आणि दहा वर्षांत बाररूममध्ये पुस्तकांपेक्षा किस्से जास्त होऊन बसतात.

मी सांगतोय ते बहात्तर ते पंचाहत्तरमधले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळचं आमचं तालुक्याचं गाव. एक कोर्ट, एक न्यायाधीश, अकरा वकील. दिवाणी दावेही तेच साहेब चालवायचे आणि किरकोळ फौजदारी खटलेही. त्या अकरांत हुशार म्हणून नाव माझं होतं. लॉ कॉलेजातून फर्स्ट क्लास घेऊन आलेला मी एकटाच, आणि पिनल कोड मला आकड्यांसकट पाठ. चहाच्या टेबलावर कुणी नुसता आकडा म्हटला की मी कलम म्हणून दाखवायचो. लोक "वा रणदिवे" म्हणायचे. मला ते आवडायचं.

मग सिदराम गोरड आला.

आटपाडीच्या पलीकडच्या दुष्काळी भागातला. वडील मेंढरं राखायचे. वकिलीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालेला. अंगातला काळा कोट कुणाचा तरी होता, कारण बाह्या बोटांपर्यंत यायच्या. मी मनात म्हटलं, हा सहा महिन्यांत परत गावाकडं जाईल.

तुम्हाला म्हणून आधीच सांगून टाकतो. पुढच्या प्रत्येक किश्शात मी आहे, पण एकही किस्सा माझा नाही. आता इतकी वर्षं झाली, तरी सांगताना कुठंतरी दुखतंच.

*

पहिला किस्सा बैलगाडीचा.

आमचा बाजार सोमवारी. पेठेचा रस्ता अरुंद, म्हणून नगरपालिकेनं नियम केला होता: बाजारादिवशी नऊ ते सहा पेठेत बैलगाडी आणायची नाही, आणल्यास दंड. एका सोमवारी तुकाराम नावाच्या शेतकऱ्यानं भर बाजारातून गाडी नेली. खटला झाला. पालिकेचा वकील मी, तुकारामचा गोरड. त्याची ती पहिलीच केस.

माझं काम पाच मिनिटांचं. नियम दाखवला. बाजारमुकादमाला पिंजऱ्यात उभं करून गाडी पेठेत होती एवढं वदवून घेतलं आणि बसलो. गोरड उठला. कोटाच्या बाह्या मागं सारून त्यानं विचारलं, "मुकादम, हा नियम कशासाठी केलाय?"

मी लगेच हरकत घेतली. नियम मोडला की नाही एवढाच प्रश्न आहे, तो का केला हे विचारायचं इथं कारण नाही. आमचे न्यायाधीश नाडगौडा साहेब. शांत माणूस. ते म्हणाले, "उत्तर देऊ द्या."

"गर्दीत मान्सं चेंगरू न्हाईत म्हनून," मुकादम म्हणाला.

"त्या दिवशी कुणी चेंगरलं?"

"न्हाई. लोकांनीच वाट दिली."

"का दिली?"

"गाडीत त्याची लेक हुती, साहेब. बाळंतपनाला अडली हुती. दवाखाना पेठंच्या पल्याड हाय."

"म्हणजे नियम माणसाला जपायला केला, आणि त्यानं गाडीही माणसाला जपायलाच आणली."

मुकादमानं जरा विचार केला. "व्हय की," तो म्हणाला. "ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हवतं."

तुकाराम सुटला. साहेबांनी निकालात पिनल कोडाचं एक्याऐंशी कलम घातलं. मोठं नुकसान टाळायला हेतू वाईट न ठेवता केलेलं कृत्य गुन्हा होत नाही, हे ते कलम. संध्याकाळी बाररूममध्ये गोरड माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "रणदिवे, साहेबांनी ते एक्याऐंशी का काय घातलंय, ते काय असतं रे?"

मी त्याला अख्खं कलम म्हणून दाखवलं, स्वल्पविरामासकट. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "असं एक कलम कुठंतरी असणारच, असं मला वाटलंच होतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

दुसरा किस्सा बाररूममधलाच.

आमच्या बाररूमचं सगळं गणूतात्या बघायचे. साठी उलटलेली, डोक्याला पांढरी टोपी. झाडलोट, चहा, पुस्तकांची कपाटं, सगळं त्यांच्याकडं. एकदा साक्षीपुराव्याच्या कायद्यावरचं जाड पुस्तक कपाटातून गायब झालं. महागाचं पुस्तक, एकच प्रत. किल्ली गणूतात्यांकडं. दोन दिवस शोधाशोध झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही सभा भरवली. सगळ्यांत ज्येष्ठ दादासाहेब इनामदार अध्यक्ष. गणूतात्यांना कामावरून कमी करावं असं सर्वांचं मत पडलं. ठराव लिहायला मला सांगितलं, कारण माझी भाषा चांगली. मी झकास ठराव लिहिला. विश्वासाला तडा, संस्थेची मालमत्ता, असे शब्द घातले. वाचून दाखवला तेव्हा माना डोलल्या.

गोरड कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "दादासाहेब, तात्यांना विचारलं का?"

दादासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

"नाही, आपण रोज समोरच्या कोर्टात सांगतो ना, माझ्या अशिलाचं ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देऊ नका म्हणून. म्हणून आपलं विचारलं," गोरड म्हणाला.

मी म्हणालो, "ते कोर्टात. ही घरगुती गोष्ट आहे."

"मग तर आधी विचारायला पाहिजे," गोरड म्हणाला.

दादासाहेबांनी गणूतात्यांना आत बोलावलं. ते टॉवेलला हात पुसत आले.

"तात्या, ते साक्षीपुराव्याचं जाडं पुस्तक कुठं आहे?"

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "आवं, ह्यांच्याच घरी हाय की. गनपतीच्या सुट्टीत मीच डोक्यावरनं नेऊन दिलं. वैनीसायबांनी चहा बी दिला."

मला तेव्हा आठवलं. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेवर ते पालथं पडलेलं होतं.

"अहो, मग तीन दिवस गप्प का बसलात?" दादासाहेब म्हणाले.

"मला कुनी इचारलंच न्हाई," तात्या म्हणाले. "तुमी समदे आपापसातच बोलत हुता."

ठरावाचा कागद मी खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून तात्या पहिला कप गोरडच्या पुढं ठेवायला लागले. मला चहा मिळायचा, पण शेवटी.

*

तुम्हाला वाटेल, ह्या रणदिव्यानं कधी गोरडला हरवलं की नाही? हरवलं. तोच तिसरा किस्सा.

दोन शेजारी शेतकरी, गोपाळा आणि रामा. गोपाळानं रामाच्या रानातली चार हात रुंदीची पट्टी आपल्याकडं ओढून नांगरायला सुरुवात केली होती. रामा नुसता तोंडानं भांडत राहिला. कोर्टात आला तेव्हा तेरा वर्षं उलटली होती. जमिनीच्या ताब्यासाठी दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. मी गोपाळाचा वकील, गोरड रामाचा. गोरडला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी मुदतीचा कायदा वाचून दाखवला आणि रामाचा दावा फेटाळला गेला. जमीन रामाची, हे खुद्द गोपाळानं मला खाजगीत कबूल केलं होतं. पण मुदत म्हणजे मुदत.

मी पायऱ्या उतरलो तो अगदी छाती काढून. खाली चिंचेखाली गोरड रामाला समजावत होता. आता हा कायद्याला शिव्या घालणार, असं मला वाटलं आणि मी मुद्दाम रेंगाळलो.

गोरड म्हणत होता, "रामा, हा कायदा वाईट नाही. समज, उद्या कुणी येऊन तुला म्हणाला, तुझ्या आज्यानं माझ्या आज्याचं रान घेतलं होतं. तू काय दाखवणार? साक्षीला माणूस जिवंत नाही. म्हणून कधीतरी भांडणाला कुलूप लावायचं असतं. ह्या वेळेला ते तुझ्या बोटावर बसलं. माझ्याकडं वेळेत आला असतास तर मी तुझ्या बाजूनं भांडलो असतो. आता पुन्हा कुणी बांध सरकवला तर घरी बसून तोंड वाजवू नको."

 रामा खाली बघत म्हणाला, "ह्ये पटलं. वाईट वाटलं, पर पटलं."

इथवर मला काही वाटलं नाही. निकाल माझ्या बाजूचा होता. पण दोन महिन्यांनी रामाच्या मेव्हण्याची केस आली, ती गोरडकडं गेली. ठीक आहे, म्हटलं, हरलेल्याला आपल्यासोबत हरलेलाच बरा वाटतो कधीकधी. आणि मग पुढच्या आठवड्यात मी बाररूममधून खाली पाहिलं तर माझा गोपाळा, मी जिंकून दिलेला गोपाळा, सातबाऱ्याचे कागद घेऊन गोरडच्या टेबलापुढं उभा.

मी त्याला जिन्यात गाठलं. "काय रे गोपाळा, माझं काय चुकलं?"

तो ओशाळला. "तुमचं कायबी न्हाई, सायेब. तुमी मला जिकवलं. पर त्या दिवशी चिंचंखाली मीबी मागं हुबा हुतो. त्यो रामाला सांगत हुता, तवा मला पैल्यांदा कळलं मी कसा जिकलो त्ये."

मी त्याला विचारलं, "मग आता ती पट्टी रामाला परत देणार आहेस काय?"

"न्हाई," गोपाळा म्हणाला. "पर आता नांगर तितनं जाताना बरं वाटत न्हाई."

*

चौथा किस्सा मी शक्यतो सांगत नाही. पण सोडला तर बाकीच्यांना अर्थ राहणार नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पूर्वेकडच्या एका वाडीत एकाच विहिरीला पाणी होतं, आणि ती बिरू पाटलाच्या मालकीची. बिरूनं ती सगळ्या गावाला उघडी केली, ही चांगली गोष्ट. फक्त बौद्धवस्तीतल्या बायकांना पायरीवर येऊ दिलं नाही. त्यांनी लांब थांबायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. सखूबाई नावाची एक म्हातारी थांबायला तयार झाली नाही. ती पायऱ्या उतरली आणि तिचा हंडा बिरूनं वर फेकून दिला. अस्पृश्यतेच्या कायद्याखाली खटला झाला.

बिरू गोरडच्याच भावकीतला. साहजिकच आधी त्याच्याकडं गेला. गोरडनं वकीलपत्र घेतलं नाही. बिरू रागानं माझ्याकडं आला आणि मी घेतलं. का घेतलं? गोरडनं टाकलेली केस मी जिंकून दाखवणार होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

बाररूममध्ये मी त्याला मुद्दाम विचारलं, "काय गोरड, भावकीला नाही म्हणालास? प्रत्येकाला वकील मिळायला पाहिजे, हे तत्त्व विसरलास की काय?"

"विसरलो नाही," तो म्हणाला. "म्हणूनच त्याला तुझं नाव सांगितलं."

आणि मग म्हणाला, "माझे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, मी त्यांच्याबरोबर. कुठल्या गावात कुठल्या विहिरीवर आम्हाला पाणी मिळत नाही हे मला पाठ होतं. तुला कलमं पाठ आहेत ना, तसं. मला ती केस चालवता आली नसती. तू चालव. चांगली चालव."

मी चालवली. विहीर खाजगी आहे, असं म्हटलं. गावची रूढी पूर्वापार आहे आणि रूढीला कायद्यात मान आहे, असं म्हटलं. हिंदू कायद्याचं पुस्तक उघडून मी रूढीवरचा उतारा मोठ्यानं वाचला. वाचन माझं छान होतं. समोर बाकावर सखूबाई बसली होती. तिला काही कळत नसावं, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

नाडगौडा साहेब म्हणाले, "विहीर सगळ्या गावाला खुली केल्यावर ती खाजगी राहिली का, हे मी बघतो. पण रूढीचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पुढचं वाक्य वाचा."

मी पुस्तकात पाहिलं. पुढचं वाक्य मला अर्थातच पाठ होतं.

"वाचा, रणदिवे."

मी वाचलं. रूढी नीतीच्या आणि लोकहिताच्या विरुद्ध असेल तर ती मान्य होणार नाही, असं त्यात होतं.

"जरा मोठ्यानं वाचा," साहेब म्हणाले. "त्या बाईंना ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा वाचलं.

बिरूला शिक्षा झाली. बाहेर गोरड व्हरांड्यात उभा होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. तो काहीच बोलला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

*

पाचवा किस्सा सायकलचा. बाररूममध्ये आजही हाच जास्त सांगतात.

गोरडनं जुनी सायकल घेतली होती. खोली गावाबाहेर, तिथून कोर्ट दोन मैल. एक दिवस भर दुपारी कोर्टाच्या आवारातून सायकल गेली. गोरड खिडकीतून बघत होता, पळत खाली आला, पण माणूस कोपऱ्यावरून नाहीसा झाला. आठवड्यानं हवालदारानं एकाला पकडला. आधी दोनदा चोरीत सापडलेला, नाव महादू. सायकल काही मिळाली नाही.

महादूनं मला वकील केलं. मला तर हवंच होतं. फिर्यादी गोरड, पिंजऱ्यात गोरड, आणि प्रश्न विचारणार मी. आदल्या दिवशी मी चार पानं प्रश्न लिहून काढले. त्याला कसा गोंधळात टाकायचा, कुठं रागवायला लावायचं, सगळं ठरवलं.

"तुम्ही सायकल नेणाऱ्याचा चेहरा पाहिलात?" मी सुरुवात केली.

"नाही," गोरड म्हणाला. "पाठ पाहिली."

"मग आरोपीला कसं ओळखलंत?"

"मी ओळखलं नाही. हवालदारांनी आणला, मी म्हणालो पाठ अशीच होती."

"अशी पाठ गावात आणखी कुणाची असू शकते?"

"पुष्कळांची. माझीही अशीच आहे."

"हाच माणूस होता असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

"नाही सांगू शकत."

माझी चार पानं तशीच राहिली. मी बसलो. महादू संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर हवालदार गोरडवर उखडला. "वकीलसायेब, तुमच्यासाठी मी तीन गावं हिंडलो. निस्तं व्हय म्हनला असता तर काय बिघडत हुतं? त्यानंच नेलीय, मला ठावं हाय."

"मलाही तसंच वाटतं," गोरड म्हणाला. "पण वाटणं मला खिडकीतून दिसलं नव्हतं."

बाररूममध्ये मी आत आलो. गोरडच्या विरोधात मी लढलो होतो आणि जिंकलो होतो. दादासाहेब उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. मी मान लववणार तोच लक्षात आलं की माझ्या मागून गोरड आत येतोय.

दादासाहेब त्याचा हात धरून म्हणाले, "चाळीस वर्षं वकिली करतोय. संशयाचा फायदा शेकडो वेळा मागितला. स्वतःच्या खिशातून देणारा आज बघितला."

मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो."

"मग तोंड असं का?"

पुढं कित्येक महिने गोरड दोन मैल चालत कोर्टात यायचा. पावसाळ्यात पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. मी माझ्या सायकलवरून त्याच्या शेजारून जायचो. डबलसीट घेऊ का, असं विचारायला मला आठ महिने लागले. विचारलं तेव्हा तो हसून बसला, आणि कोर्ट येईपर्यंत माझ्याकडून पाणीवाटपाचा कायदा समजावून घेतला.

*

आता शेवटचा. पंचाहत्तरच्या सुरुवातीचा.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. तसाच एक बाळू जाधव. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो लढाईत मारला गेला. त्याच्या बायकोला, सुमनला, पुढच्या जूनअखेरीला मुलगा झाला. बाळूचा थोरला भाऊ ज्ञानू माझ्याकडं आला. त्याचं म्हणणं, बाळू एकाहत्तरच्या मे महिन्यात रजेवरून गेला तो परत आलाच नाही. मग हे मूल त्याचं कसं? त्याला आमच्या जमिनीत वाटा कसा? सुमन मूल घेऊन माहेरी गेली होती. तिनं गोरडला वकील केलं.

कायदा सांगतो, थोडक्यात. नवराबायकोचं लग्न कायम असताना, किंवा नवरा गेल्यावर दोनशे ऐंशी दिवसांत मूल झालं, तर ते नवऱ्याचंच धरायचं. मुलावर डाग लागू नये म्हणून कायदा एवढा कडक आहे. त्यातून सुटायला एकच फट: त्या काळात दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करायचं. आणि माझ्याकडं ते होतं. फौजेकडून आणलेला रजेचा दाखला होता. मेनंतर एक दिवसही रजा नाही. शिवाय बाळूची आई अनुसयाबाई ज्ञानूकडंच राहायची. माझ्या ऑफिसात बसून तिनं जबाब दिला होता की मेनंतर धाकटा घरी आला नाही. खाली तिचा अंगठा. तो कागद माझ्या फायलीत.

रामाच्या दाव्यानंतर पहिल्यांदाच गोरडकडं काही नव्हतं. मी त्याला डबलसीट आणताना मनात हिशेब करत होतो, ह्या केसनंतर बाररूममध्ये काय म्हणतील. ते मूल माझ्या मनात कुठंच नव्हतं. खरं तेच सांगतोय.

साक्षीच्या दिवशी सुमन मागच्या बाकावर बसली होती. मांडीवर अडीच वर्षांचा मुलगा. तो बाकाच्या लाकडावर नखानं रेघा ओढत होता. दुसऱ्या टोकाला ज्ञानू. मी अनुसयाबाईला पिंजऱ्यात बोलावलं. विटकं लुगडं, कपाळ कोरं. ती वर चढताना मुलाजवळून गेली. थांबली नाही, फक्त चाल मंदावली.

मी विचारलं, "तुमचा धाकटा मुलगा बाळू. तो मे महिन्यात रजा संपवून गेला. त्यानंतर तो कधी घरी आला होता का?"

"आला हुता," ती म्हणाली.

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. "मे महिन्यानंतर, आजी. उन्हाळा संपल्यावर."

"व्हय. दसरा हून चार दिस झालं हुतं. त्यांची पलटनीची गाडी आपल्या ठेसनात हुबी ऱ्हायली, फुडची गाडी जाईस्तवर. दुपारचं. त्येवढ्यात पळत आला. रजा न्हवती त्याला."

 नाडगौडा साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फायलीतून तिच्या अंगठ्याचा कागद बाहेर काढला होता. साक्षीदार उलटला म्हणून तिला खोडून काढायची परवानगी मागायची आणि कागद पुढं करायचा, एवढंच करायचं होतं. दोन वाक्यं. ती मला पाठ होती.

"रणदिवे," साहेब म्हणाले, "साक्षीदाराला आणखी काही विचारायचंय?"

अनुसयाबाई माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा तिनं ओळखला होता.

मी म्हणालो, "नाही, साहेब." आणि खाली बसलो.

गोरड उठला. त्याला काही विचारायची गरज नव्हती. साक्ष त्याच्या बाजूची झाली होती; अशा वेळी कुणीही वकील गप्प बसतो, कारण पुढच्या उत्तरानं सगळं कोसळू शकतं. गोरडनं बाह्या मागं सारल्या.

"आजी," त्यानं विचारलं, "त्या दुपारी घरात आणखी कोण होतं?"

"सुमन हुती. आन थोरला हुता की," ती म्हणाली आणि तिनं बाकाकडं हात केला. "त्यो काय, तितं बसलाय. वड्यातल्या वाटनं त्योच त्याला ठेसनापत्तर घालवाय गेल्ता."

सगळं कोर्ट मागं वळलं. ज्ञानू उठून उभा राहिला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. दावा त्याचा होता, आणि बाळू आलाच नाही असं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं. तो आईकडं बघत होता, आई त्याच्याकडं. पोराची नखानं रेघा ओढणं चालूच होतं. कोर्टात तेवढाच आवाज होता.

"व्हय, साहेब," ज्ञानू म्हणाला. "मीच सोडला त्याला."

साहेबांनी त्याला खाली बसायला सांगायला हवं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पिंजऱ्यातूनच अनुसयाबाईनं विचारलं, "आन जाताना काय म्हनला त्यो तुला?"

ज्ञानूनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"म्हनला, दादा, तू हायस म्हनून मला घोर न्हाई."